‘एवढंही माहीत नाही?’

या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असते, पण तो प्रश्न नसतो. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते. समोरची बाई आत यायच्या लायकीची नाही, एवढे चारचौघांत जाहीर करायचे असते. बँकेत पहिल्यांदा खाते उघडायला गेलेल्या बाईने हे वाक्य ऐकले आहे. पोलीस चौकीत ‘तक्रार लिहून घ्या’ म्हणणारीने ऐकले आहे. दवाखान्यात स्वतःच्याच शरीराबद्दल विचारणारीने तर किती वेळा ऐकले असेल, त्याची मोजदाद नाही. आपल्या चळवळीचे फारसे लक्ष गेलेले नाही अशा एका जागेबद्दल मी इथे लिहिते आहे. संगणकाचे प्रोग्रामिंग शिकणारी नवखी मुलगी अडते आणि इंटरनेटवरच्या अनोळखी जाणकारांना प्रश्न विचारते, तेव्हा तिला काय मिळते?

‘हा काय बायकांच्या चळवळीचा विषय आहे?’ असे आमच्याच बैठकीत एकीने विचारले. ‘हुंडा, मारहाण, पाणी, रेशन सोडून आता कॉम्प्युटरवर कोण कोणाशी गोड बोलतं ते बघायचं का?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते.

प्रोग्रामिंग हे आज बऱ्या पगाराचे काम आहे. पुण्यात हिंजवडीला, मुंबईत, बंगळूरला आपल्या गावांतल्या मुली हे काम करतात. शिवाय बाळंतपणानंतर चार-पाच वर्षे घरी राहिलेल्या, पुन्हा मिळवते व्हायला धडपडणाऱ्या अनेकजणी घरबसल्या हेच शिकू पाहतात. आणि हे काम असे आहे की ते पुस्तक वाचून किंवा वर्गात बसून पुरते येत नाही. वीस वर्षे मुरलेला प्रोग्रामरही रोज कुठेतरी अडतो. अडले की कोणाला तरी विचारावे लागते. तेव्हा विचारायला जागा आहे की नाही, यावर ती टिकणार की सोडणार हे पुष्कळसे ठरते.

मुलगे कोणाला विचारतात? शेजारच्या खोलीतल्या मित्राला, रात्री एक वाजता, चहाच्या टपरीवर. प्रयोगशाळा उघडी असेल तर तिथल्या सीनिअरला. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक त्याच्या कितीतरी आधी बंद झालेले असते. २०१५ साली दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ ही मोहीम सुरू केली ती याच फाटकाविरुद्ध. मुलग्यांना ग्रंथालय, प्रयोगशाळा, रस्ता खुला आणि मुलींना संध्याकाळी हजेरी, हा अभ्यासातलाच भेदभाव आहे असे त्या सांगत होत्या. लग्न झालेलीची गोष्ट तर बोलायलाच नको. तिच्या घरी रात्रीची भांडी आहेत. म्हणजे टपरीवरचा मित्र जिला नाही, रात्रीची प्रयोगशाळा जिला नाही, तिला विचारायला एकच जागा उरते. सगळे झोपल्यावर उघडलेला संगणक, आणि पलीकडचे अनोळखी लोक. तिथेही दारावर कोणी दंडा घेऊन बसला असेल तर हा आपला विषय नाही तर कोणाचा?

आता तिथे नेमके काय घडते ते पाहू. एक साधे उदाहरण घेते. संगणक न शिकलेल्या मैत्रिणींनाही ते कळेल.

पायथॉन नावाची एक संगणकभाषा आहे. आजकाल बहुतेकांची सुरुवात तिच्यातच होते. पहिल्याच आठवड्यात मुलगी एक प्रोग्राम लिहिते: माणसाकडून दोन आकडे घ्यायचे आणि त्यांची बेरीज दाखवायची. ती ५ टाइप करते, पुन्हा ५ टाइप करते, आणि पडद्यावर येते ५५. ती चक्रावते. पुन्हा तपासते, अधिकचे चिन्ह बरोबर आहे, स्पेलिंग बरोबर आहे. तासभर डोके फोडून ती विचारते: ‘बेरीज दहा यायला हवी, पंचावन्न का येते?’

कारण सोपे आहे, पण कोणी सांगितल्याशिवाय सुचणारे नाही. कळफलकावरून टाइप केलेले काहीही पायथॉन आधी मजकूर म्हणूनच घेते. तिच्या लेखी तो ५ आकडा नसतो, अक्षर असते. दोन अक्षरांची ‘बेरीज’ म्हणजे ती शेजारी शेजारी ठेवणे. आधी त्या मजकुराचे संख्येत रूपांतर करायला सांगितले की दहा येतात. बस्स. एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. आणि हे कळले की तिला एका बेरजेच्या पलीकडचे काहीतरी कळलेले असते. संगणकाला ‘काय लिहिले आहे’ याइतकेच ‘ते कोणत्या जातीचे आहे’ हेही सांगावे लागते, ही प्रोग्रामिंगमधली एक मूळ गोष्ट तिच्या हाती येते.

ही दोन मिनिटे देण्याऐवजी तिला काय मिळते? ‘आधी गूगल करून पाहिलंस का?’ ‘हा प्रश्न शंभरदा विचारून झाला आहे.’ ‘मूलभूत गोष्टी वाचून मग इथे या.’ ‘गृहपाठ आमच्याकडून करून घेऊ नका.’ इंग्रजीत याला चार अक्षरांची एक खूण आहे, आर टी एफ एम. तिचा अर्थ ‘पुस्तिका वाच’ असा, मध्ये एक शिवी घालून. शिवीचेही लघुरूप करून ठेवावे लागले, इतकी ती वारंवार वापरली गेली.

या जगातली सर्वांत मोठी जागा म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो. जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की या दोघांनी ती २००८ साली सुरू केली. जगभरच्या प्रोग्रामरांचे अडलेले लाखो प्रश्न तिथे सुटले, हे उपकार मी नाकारत नाही. पण तिची रचना बघा. प्रश्नाला आणि उत्तराला लोक वर किंवा खाली मत देतात. त्यावरून गुण मिळतात. प्रश्न आधी विचारला गेला असेल तर तो ‘पुनरुक्ती’ म्हणून बंद करून जुन्या उत्तराकडे बोट दाखवतात. ठीक. पण ते जुने उत्तर मुरलेल्या माणसाने मुरलेल्या माणसासाठी लिहिलेले असते. नवखीला ते कळत नाही. दुसऱ्याच्या उत्तराखाली ‘हे समजले नाही’ असे लिहायचे तर आधी पन्नास गुण हवेत. ते तिच्याकडे नाहीत, कारण ती नवखी आहे. म्हणजे जुन्या उत्तराखाली विचारायची सोय नाही, आणि नव्याने विचारले तर प्रश्न बंद! आपल्या सरकारी कचेरीतला ‘रेशनकार्डासाठी रहिवासाचा दाखला आणा, दाखल्यासाठी रेशनकार्ड आणा’ हा खेळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

त्यात भाषा. या जागेच्या स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आणि जपानी आवृत्त्या निघाल्या; मराठीत किंवा हिंदीत नाही. प्रश्न इंग्रजीतच हवा. आपल्याकडे मराठी माध्यमातून आलेली मुलगी शाळेत ‘सर, एक शंका आहे’ म्हणत आलेली असते. ती लिहिते, ‘सर, आय हॅव अ डाउट’. हे सरळ शंकेचे भाषांतर आहे, आणि आदराने केलेले आहे. पलीकडचा तिला शिकवतो की इंग्रजीत डाउट म्हणजे संशय, प्रश्नाला क्वेश्चन म्हणतात. तिचा ‘सर’ खोडला जातो, सुरुवातीचा ‘नमस्कार’ आणि शेवटचे ‘आभारी आहे’ही काटले जातात, कारण नियमाने ती अडगळ आहे. पंचावन्न का आले ते राहिलेच. (पलीकडे सरच असणार, बाई नसणारच, हे तिने गृहीत धरले हेही खरेच. पण ते तिला कोणी शिकवले?)

यावर ठरलेले उत्तर असे: ‘इथे कोण बाई कोण पुरुष ते दिसतच नाही. सगळ्यांना सारखीच वागणूक मिळते.’ हे उत्तर देणारे बहुतेक पुरुषच असतात, पण ते सोडा. सारखी वागणूक म्हणजे न्याय नव्हे, हे आपण आरक्षणाच्या वादापासून सांगत आलो आहोत. १९९० साली मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करायचे ठरले तेव्हा ‘गुणवत्ता’ हा शब्द रस्त्यावर आला होता. बंद दार उघडायची वेळ आली की हा शब्द हटकून येतो. ज्याच्या घरात बाराव्या वर्षी संगणक आला त्याची आणि जिने पहिल्यांदा कॉलेजात हात लावला तिची गुणवत्ता एकाच काट्यावर तोलायची, आणि काटा निःपक्षपाती आहे म्हणायचे.

तरीही दिसत नाही म्हणणाऱ्यांसाठी दोन अभ्यास सांगते. २०१६ साली स्टॅक ओव्हरफ्लोवर बायका का कमी येतात याचा शोध काही संशोधकांनी घेतला. त्यांना चौदा अडथळे सापडले. त्यातले पाच बायकांना पुरुषांपेक्षा ठळकपणे जास्त जाचतात असे दिसले. ‘आपल्याला पुरेसे येत नाही’ ही भावना त्यात आहे, एवढ्या मोठ्या जमावाची धास्ती आहे, अनोळखी माणसांशी बोलण्यातले अवघडलेपण आहे. दुसरा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गिटहब या ठिकाणी प्रोग्रामर एकमेकांच्या कामात सुधारणा सुचवतात आणि मालक त्या स्वीकारतो किंवा नाकारतो. एकूण पाहता बायकांनी पाठवलेल्या सुधारणा पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारल्या गेल्या. पण एखाद्या प्रकल्पात नव्याने आलेली, कोणाच्या ओळखीची नसलेली व्यक्ती बाई आहे हे तिच्या माहितीवरून कळत असेल, तर हे पारडे उलटे फिरत होते. ओळखीची झाली की चालते. नवखी आणि बाई, हे दोन्ही एकदम असले की नडते.

आणि स्वतः त्या कंपनीने काय म्हटले? एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीर लेख लिहून कबूल केले की ही जागा नवख्यांना, बायकांना, वर्णाने वेगळ्या आणि इतर उपेक्षितांना परकी आणि कठोर वाटते, आणि हे बदलायला हवे. त्याच ऑगस्टमध्ये वागणुकीचे नवे नियम आले, नवख्याच्या नावापुढे तशी खूण येऊ लागली. त्या वर्षीच्या त्यांच्या पाहणीत उत्तरे देणाऱ्यांमध्ये बायका शंभरात सातच्या आसपास होत्या. दहा वर्षे लागली हे कळायला. त्या दहा वर्षांत कोण कोण परत गेले, त्याची नोंद कुठेच नाही. परत जाणारे सांगून जात नाहीत.

बायकांना या कामाची उपजत आवड नाही, हे पालुपदही इथेच निकालात काढू. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिअ‍ॅक हा अवाढव्य संगणक जगासमोर आला. त्याचे प्रोग्राम बसवणाऱ्या सहा बायका होत्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बायलास आणि रूथ लिक्टरमन. शिकवायला पुस्तिका नव्हती. यंत्राचे आराखडे समोर घेऊन, इंजिनिअरांना प्रश्न विचारून विचारून त्या शिकल्या. ते प्रात्यक्षिक त्यांच्या कामावर उभे होते. त्यानंतरच्या मेजवानीला त्यांना बोलावणेही नव्हते. सांगायचे आहे ते हे की जगातल्या पहिल्या प्रोग्रामरांपैकी असलेल्या या सहाजणीही नवख्याच होत्या. त्यांनी विचारले तेव्हा कोणी ‘पुस्तिका वाच’ म्हणू शकले नाही, कारण पुस्तिकाच नव्हती!

अमेरिकेत १९८४च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदव्या घेणाऱ्यांत मुली ३७ टक्के होत्या. पुढच्या पंचवीस वर्षांत ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. या काळात मुलींचे मेंदू बदलले नाहीत. घरोघर आलेला संगणक मुलग्याचे खेळणे म्हणून आला. तो त्याच्या खोलीत गेला. पहिल्या वर्षाला येतानाच मुलगे पाच-सात वर्षे मुरलेले, आणि मास्तर त्यांच्याच चालीने शिकवणार. उलट आपल्याकडे भारतात संगणकशास्त्राच्या वर्गात मुलींचे प्रमाण अमेरिकेपेक्षा बरेच जास्त आहे. मग उपजत आवड देशाची सीमा बघून बदलते की काय?

कार्नेगी मेलन हे पिट्सबर्गचे विद्यापीठ संगणकाच्या क्षेत्रात फार नावाजलेले. तिथे १९९५ साली संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली सात टक्के होत्या. जेन मार्गोलिस या समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि तिथले प्राध्यापक अ‍ॅलन फिशर यांनी चार वर्षे विद्यार्थी-विद्यार्थिनींशी बोलून मुली का सोडतात ते तपासले. आवडीने आलेल्या मुलीही ‘इतरांना सगळं येतं, मलाच येत नाही’ या भावनेने खचत होत्या, आणि त्यांच्या न येण्याला कोणी ‘अजून शिकायचे आहे’ म्हणत नव्हते, ‘हिला जमणारे नाही’ म्हणत होते. विद्यापीठाने काही साधे बदल केले. प्रवेश देताना आधी प्रोग्रामिंग येते का याला दिलेले महत्त्व कमी केले. नवख्यांना आणि मुरलेल्यांना सुरुवातीला वेगवेगळ्या वाटांनी आत घेतले. शाळाशिक्षकांना प्रशिक्षण दिले. २००० साली प्रवेश घेणाऱ्यांत मुली ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत सातावरून बेचाळीस. आधीचा अनुभव नसलेले विद्यार्थी पुढे बरोबरीला येतात हेही दिसले. सुरुवात उशिरा होणे म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे. हे सगळे त्या दोघांनी २००२ साली पुस्तकातून मांडले. म्हणजे गेली दोन दशके तरी ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ म्हणायची सोय उरलेली नाही.

आता सर्वांत चिवट युक्तिवादाकडे येते. ‘आम्हीही शिव्या खाऊनच शिकलो. त्यानेच माणूस तयार होतो.’

मैत्रिणींनो, हा आवाज ओळखीचा वाटतो ना? हा सासूचा आवाज आहे. ‘आम्ही नाही का पहाटे चारला उठून दळण दळलं? आम्हाला कोणी विचारलं होतं का जेवलीस का म्हणून?’ सोसले ते व्यर्थ गेले असे मान्य करण्यापेक्षा, सोसण्यातच तेज होते असे म्हणणे सोपे जाते, आणि मग ते पुढच्या पिढीला वाढून ठेवायचे. सासुरवासाला आपण परंपरा म्हणून सोडले नाही. मग संगणकावरच्या सासुरवासाला ‘कठोर पण प्रामाणिक’ असे गोंडस नाव का द्यायचे?

या परंपरेचे सर्वांत मोठे उदाहरण लिनस टॉर्वाल्ड्स. १९९१ साली त्यांनी लिनक्स सुरू केले; आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात, तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही. सहकाऱ्यांच्या चुकीवर ते ज्या भाषेत तुटून पडत ती इथे छापता येणार नाही. त्यांचे चाहते मोठ्या कौतुकाने ती वाचत आणि आपल्याहून लहानांवर तीच चालवत. २०१३ साली एका सहकारी प्रोग्रामरने त्यांना जाहीरपणे अडवले, ही भाषा बंद करा म्हटले. टॉर्वाल्ड्सनी ऐकले नाही. दोन वर्षांनी अडवणारी व्यक्ती ते काम सोडून गेली. मग १६ सप्टेंबर २०१८ रोजी टॉर्वाल्ड्सनीच आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेईन म्हणाले आणि काही आठवडे बाजूला झाले. लिनक्सला वागणुकीचे नियम मिळाले. लिनक्सचे काम त्यामुळे बंद पडले का? नाही. शिव्यांशिवायही ते चालते हे सिद्ध करायला सत्तावीस वर्षे लागली, इतकेच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. उत्तर देणारे स्वयंसेवक आहेत. पोटापाण्याचे काम संपवून, फुकट वेळ देऊन बसतात. प्रश्नात धड माहिती नाही, काय करून पाहिले ते सांगितलेले नाही, आणि ‘लवकर सांगा, उद्या जमा करायचे आहे’ एवढेच, असे दहा प्रश्न आले की कोणीही वैतागेल. मीही वैतागले असते. पण वैताग आला तर उत्तर न देण्याची मुभा प्रत्येकाला आहे. गप्प बसून पुढे जाता येते. अपमान करायला उत्तर देण्याइतकाच वेळ लागतो. तो मात्र यांच्याकडे असतो. आणि नीट विचारता येणे हीही शिकण्याची गोष्ट आहे. आपल्याला काय अडले आहे ते नेमके सांगता येणे म्हणजे अर्धे उत्तर कळणे. नवखीला ते येणार कसे? ‘तू नेमकं काय टाइप केलंस ते जसंच्या तसं इथे उतरव, म्हणजे बघता येईल’ असे एक वाक्य तिला ते शिकवते. सौजन्य म्हणजे तिचा गृहपाठ करून देणे नव्हे. उलट, करून देणे हीसुद्धा हुसकावण्याचीच एक तऱ्हा आहे.

बायकांनी हे फार आधी ओळखले होते. १९९९ साली डेब रिचर्डसन यांनी लिनक्स वापरणाऱ्या बायकांसाठी ‘लिनक्सचिक्स’ हा गट सुरू केला. नियम दोनच: सभ्यपणे बोला, मदत करा. २००२ साली व्हॅल हेन्सन यांनी पुरुष प्रोग्रामरांसाठी एक टिपण लिहिले, लिनक्समध्ये बायकांना उत्तेजन कसे द्यावे याबद्दल. त्यातली एक सूचना माझ्या मनात घर करून आहे: तिच्या हातून कळफलक काढून घेऊ नका. दुसऱ्याने झरझर टाइप करून ‘हे बघ, झालं’ म्हटले की काम होते, पण ती होती तिथेच राहते. स्वयंपाकघरात नवऱ्याच्या हातून पोळपाट ओढून घेणाऱ्या आपण, ही गोष्ट आपल्यालाही कळायला हरकत नाही. न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटर या प्रोग्रामरांच्या शिक्षणकेंद्रात तर खोटे आश्चर्य दाखवायला नियमानेच मनाई आहे. कोणी ‘मला हे माहीत नाही’ म्हटले तर ‘काय सांगतेस! तुला हे माहीत नाही?’ म्हणायचे नाही. कारण त्या आश्चर्याचा उपयोग एकच, आपल्याला माहीत आहे हे दाखवणे.

हे लिहिताना आपल्याच बैठका आठवल्या. कोपऱ्यात बसलेल्या नव्या मुलीने ‘पितृसत्ता म्हणजे नक्की काय हो?’ विचारले की आपल्यातल्या जुन्याजाणत्या एकमेकींकडे बघून जे हसतात, ते काय असते? त्यातली एखादी पुढच्या बैठकीला येत नाही, आणि आपण ‘आजकालच्या मुलींना बांधिलकी नाही’ म्हणतो.

पण माझी खरी भीती वेगळीच आहे. नवख्यांशी प्रेमाने वागा असा ठराव झाला की ते प्रेमाने वागण्याचे काम कोणाच्या गळ्यात पडते? ‘तुम्ही बायका समजावून छान सांगता.’ म्हणजे अवघड प्रोग्राम लिहून नाव मिळवायचे त्यांनी, आणि नवख्यांचे अश्रू पुसायचे, नियम समजावायचे, भांडणे मिटवायची आपण, तीही विनामोबदला. कार्यालयात नव्या मुलांना कामाला लावणारी बाई असते, आणि बढतीच्या वेळी ‘तिचं स्वतःचं काम कमी पडलं’ असा शेरा येतो. घरकामाला कामच न मानण्याची जुनी रीत इथे नव्या कपड्यांत आली आहे. म्हणून माझी मागणी गोडव्याची नाही, वाटणीची आहे. शिकवणे हे काम आहे. ते वेळापत्रकात दिसले पाहिजे, मूल्यमापनात धरले पाहिजे, आणि ते पुरुषांनीही आळीपाळीने केले पाहिजे. ‘मला नाही जमत बुवा नवख्यांशी बोलायला’ ही सबब ‘मला नाही जमत बुवा भाजी चिरायला’ याच्या पंक्तीत बसवावी. आउटरीची ही योजना बायकांना आणि इतर वंचितांना मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत मार्गदर्शक देते आणि शिकण्याच्या काळात पैसेही देते. भारतातल्या अनेक मुली तिच्यातून पुढे आल्या. पैसे मिळाले की शिकणारीला घरच्यांसमोर ‘मी काम करते आहे’ असे म्हणता येते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि त्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवर येणारे प्रश्न झपाट्याने आटले. जुनी मंडळी आता हळहळतात, कोणी विचारायलाच येत नाही म्हणून. मुली यंत्राला विचारतात. यंत्र ‘एवढंही माहीत नाही?’ म्हणत नाही. एकच गोष्ट पाच वेळा विचारली तरी चिडत नाही, आणि डाउट म्हटले तरी शंका समजून घेते. मराठीतही उत्तर देते. पंचावन्न का आले ते तीन ओळींत सांगते.

मला यात आनंद मानता येत नाही. यंत्र चुकीचे उत्तरही त्याच ठाम, गोड सुरात देते, आणि ते चुकीचे आहे हे ओळखायला जे आधी यावे लागते तेच नवखीकडे नसते. शिवाय यंत्राशी झालेले बोलणे तिच्या खोलीतच राहते. तिच्यासारखीच दुसरी कोणी त्याच जागी अडली होती, हे तिला कळत नाही. उद्या नोकरीसाठी ‘हिला मी ओळखतो, चांगलं काम करते’ असे सांगणारे माणूस तिथे भेटत नाही. फाटक बंद झाल्यावर टपरीवरचे मित्र जिला नव्हते, तिला ते आताही नाहीतच.

आणि तरी ती यंत्राकडे गेली म्हणून तिला नावे ठेवणार असाल, तर ती आधी तुमच्याकडे आली होती तेव्हाचे तुमचे उत्तर काढून पुन्हा वाचा. तिथे ते अजून असेल. ‘नमस्कार’ आणि ‘आभारी आहे’ खोडलेला तिचा प्रश्न, आणि त्याखाली उणे तीन.